बी.एस्सी.च्या मुलांना संशोधन शिकायला पैसे कोण देतं?

मांजराकाठ | १९ मार्च, रात्री १०:१२

मी लातूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी मायक्रोबायोलॉजी शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. आज लिहायला बसलो ते दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीमुळे. वडील टमटम चालवतात, आई रोजाने शेतात जाते. दिवाळीपासून या मुलीने पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना एक्केचाळीस मेल पाठवल्या. बहुतेकांचं उत्तरच नाही. गेल्या आठवड्यात पुण्यातून एका मॅडमचं आलं: ५ मेपासून दोन महिने ये, पेशी वाढवायला शिकवते, काम खरं असेल. मात्र उन्हाळी विद्यार्थ्यांसाठी माझ्या प्रकल्पात पैसे नाहीत आणि बाहेरच्या मुलांना वसतिगृहात जागा नाही.

मुलगी आनंदात माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, आणि प्रॅक्टिकलच्या वहीचं एक पान पुढे ठेवलं. त्यावर हिशेब होता. कॉट बेसिसवर जागा, महिना ४,५०० प्रमाणे ९,०००. मेस ६,०००. डिपॉझिट ४,५००, ते परत मिळणार पण आधी भरायचं. येणं-जाणं १,५००, किरकोळ २,०००. एकूण २३,०००. त्याखाली वेगळी ओळ: लग्नसराईत कापडाच्या दुकानात काम केलं तर दोन महिन्यांचे १४,००० मिळतात, ते बुडतील. ही शेवटची ओळ मला सुचली नसती. आपण खर्च मोजतो; ज्या घरात मुलांच्या कमाईवर काही ना काही चालतं, तिथे बुडणारी कमाईही मोजावी लागते.

"सर, मी नाही म्हणून कळवू का?" असं तिने विचारलं. मी चार दिवस मागून घेतले आहेत.

पदवीच्या मुलांना जैववैद्यकीय संशोधनाचं शिक्षण घ्यायला पैसे नेमके कुठे आहेत? ज्यांनी घेतलेत, ज्यांनी दिलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. हिच्यासाठी तर हवंच आहे, पण पुढच्या वर्षी दुसरं कुणी असंच पान घेऊन येईल.

---

डॉ_सदाफुली | १९ मार्च, रात्री ११:०५

सर, आधी माझ्या बाजूचं सांगते. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. आम्ही सगळे तिला एसटीएस म्हणतो. १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस किंवा बीडीएस करताना आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक धरायचा, छोटा प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली की एथिक्स कमिटीची (माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची) परवानगी घेऊन दोन महिने काम करायचं आणि अहवाल द्यायचा. विद्यावेतन पूर्वी २०,००० होतं, अलीकडे ५०,००० केलं आहे. अहवाल मंजूर झाला तरच प्रमाणपत्र आणि पैसे.

मी केली होती. प्रसूतीपूर्व तपासणीला येणाऱ्या बायकांमधल्या रक्तक्षयावर. दोन महिने ओपीडीच्या दाराशी प्रश्नावली घेऊन उभी असायचे. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की "लोहाच्या गोळ्या घेता का?" असं विचारलं तर सगळ्याजणी हो म्हणतात आणि "पाकिटात किती उरल्यात?" असं विचारलं तर खरं कळतं. प्रश्न कसा विचारावा हे मला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आज मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये आहे ती त्या दोन महिन्यांमुळे.

पण तुमच्या विद्यार्थिनीचा हिशेब वाचून एक गोष्ट नव्याने जाणवली. माझे पैसे काम संपल्यावर आले तरी माझं अडलं नाही, कारण हॉस्टेल माझं होतं, मेस माझी होती, मार्गदर्शक दोन मजले वर बसत होते. विद्यावेतन नंतर द्यायची पद्धत अशा मुलांना चालते ज्यांच्या डोक्यावर छप्पर आधीपासून आहे. बी.एस्सी.च्या मुलीला गाव सोडून जायचं आहे. तिला पैसे बसमध्ये चढण्याआधी लागतात.

आणि एसटीएस बी.एस्सी.ला नाहीच. ती फक्त वैद्यकीय आणि दंतवैद्यकाच्या मुलांची.

---

पेट्रीडिश | २० मार्च, सकाळी ७:४८

मी पुण्यात पीएच.डी. करतोय, पेशीजीवशास्त्रात. स्वतः जळगावकडच्या साध्या कॉलेजातून आलोय, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पैसे असलेले रस्ते आहेत. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, या तीन अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. दोन महिने, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. बेंगळुरूच्या जेएनसीएएसआर आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांचीही आहे. अमेरिकेला नेणारा खुराना कार्यक्रम आहे, कॅनडाला नेणारा मायटॅक्स आहे. पण बहुतेकांचे अर्ज हिवाळ्यातच मागवतात. मार्चमध्ये आपण शोधायला लागतो तेव्हा दारं बंद झालेली असतात. शहरातल्या चांगल्या कॉलेजात हे सीनियर सांगतात. आमच्याकडे सांगणारा सीनियरच नव्हता.

मग इन्स्पायर. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० ची आहे, त्यातले २०,००० खास उन्हाळी प्रकल्पासाठी. कल्पना उत्तम. पण बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात यायला हवं, किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षेत वरचा क्रमांक हवा. दुसरी अट फारशी कुणाला माहीत नसते: विषयांच्या यादीत मायक्रोबायोलॉजी आहे, बायोकेमिस्ट्री आहे, बायोटेक्नॉलॉजी नाही. आपल्याकडे गावोगावी बी.एस्सी. बायोटेक निघाली, मुलं हौसेने गेली आणि प्रवेशानंतर त्यांना कळलं की ही शिष्यवृत्ती आपल्याला लागू नाही. कृपया बारावीच्या मुलांना हे आधी सांगत चला.

केव्हीपीवाय ही विज्ञानाच्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती आता नाही. १९९९ पासून होती, बेंगळुरूचं आयआयएससी परीक्षा घ्यायचं, पदवीला महिना ५,००० मिळायचे. २०२२ मध्ये ती इन्स्पायरमध्ये मिळवली आणि परीक्षा बंद झाली. तिचे कॅम्प व्हायचे, देशभरची मुलं एकमेकांना भेटायची. ते गेलं याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता प्रयोगशाळेच्या आतलं. मॅडमकडे पैसे नाहीत हे खरंच असणार. प्रकल्पाचा पैसा ठरलेल्या खात्यांत येतो: मनुष्यबळ, रसायनं, प्रवास. "उन्हाळ्यात आलेलं पदवीचं पोर" असं खातं नसतं. पेशी वाढवायला लागणारा सीरम (जनावरांच्या रक्तातला द्रव) परदेशातून येतो, अर्ध्या लिटरची बाटली महाग. अँटिबॉडीच्या बोटभर कुपीला तीस-चाळीस हजार जातात. शिकाऊ हाताने एक प्लेट दूषित झाली की यातलं थोडं वाया जातं. तरी कुणी मुलीला ये म्हणतं आहे, म्हणजे पदरचा वेळ आणि सामान देत आहे. तिला नाही म्हणू देऊ नका, सर.

---

मांजराकाठ | २० मार्च, दुपारी १:३०

बारावीला ७८ टक्के. इन्स्पायर नाही. अकादम्यांच्या फेलोशिपची तारीख मलाच माहीत नव्हती, हा माझा दोष. यापुढे सप्टेंबरमध्ये वर्गात फळ्यावर लिहीन.

---

कोथरूडकाका | २० मार्च, दुपारी ४:१५

मी बँकेतून निवृत्त झालो, विज्ञानाचा माणूस नाही. तरी शंका विचारतो, राग नसावा. पदवीच्या मुलांवर संशोधनाचा खर्च करावा का? एकोणीस-वीस वर्षांचं मूल. त्यातले निम्मे पुढे एमबीए करतील, स्पर्धा परीक्षेला बसतील, मुली लग्न होऊन जातील. सरकारकडे पैसा मर्यादित आहे, तर तो पीएच.डी. करणाऱ्यांना नीट द्यावा. त्यांचंही विद्यावेतन रखडतं असं वाचतो.

---

डॉ_सदाफुली | २० मार्च, संध्याकाळी ६:४०

काका, "मुली लग्न होऊन जातील" हे मनाला लागलं. माझं लग्न झालं, दोन मुलं आहेत आणि मी संशोधन करते आहे. ते बाजूला ठेवून मुद्द्यावर येते.

पीएच.डी.ला कोण पोचतं, हे पदवीलाच ठरतं. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो: आधी कुठल्या प्रयोगशाळेत काम केलंय? ज्याच्याकडे उत्तर आहे तो पुढे जातो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.साठी आहेत आणि त्या हव्यातच. पण ज्या मुलीने तेवीस हजारांपायी दुसऱ्या वर्षाला नाही म्हटलं, ती त्या अर्जापर्यंत येतच नाही. आणि मग आपण म्हणतो, खेड्यातली मुलं संशोधनात येत नाहीत.

---

बाल्टिमोरची_मेघा | २१ मार्च, पहाटे ५:२०

मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं अमेरिकेत, मेरीलँडमध्ये एका प्रयोगशाळेत काम करते. काकांच्या प्रश्नाला इथलं एक उदाहरण देते.

आमच्या जवळच यूएमबीसी हे विद्यापीठ आहे. तिथे १९८८ मध्ये फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याच्या देणगीतून एक कार्यक्रम सुरू केला. प्रश्न असा होता की हुशार कृष्णवर्णीय मुलं विज्ञान घेतात, पण पहिल्या दोन वर्षांत सोडून देतात. त्यांनी फक्त फी भरून भागवलं नाही. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र बोलावून गणित-विज्ञानाची तयारी, अभ्यास गटाने करायचा हा दंडक, लवकरात लवकर खऱ्या प्रयोगशाळेत जागा आणि दर उन्हाळ्याला पगारी काम. पुढे तो सर्वच मुलांना खुला झाला. ज्यांना या कार्यक्रमात जागा मिळाली होती पण जे दुसरीकडे शिकायला गेले, अशा तितक्याच हुशार मुलांशी तुलना केली, तर मायरहॉफची मुलं पुढच्या संशोधन पदवीकडे जवळपास पाचपट प्रमाणात वळली. काका, तुमच्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात थेट उत्तर हेच. हुशारी सारखी होती, पदवीच्या वर्षांतला आधार वेगळा होता.

किझमेकिया कॉर्बेट ही याच कार्यक्रमातली. करोनाच्या वेळी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत मॉडर्नाच्या लसीमागचं जे काम झालं, त्यात ती आघाडीवर होती.

इथेही सगळं सुरळीत नाही. एनआयएचचा मार्क नावाचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून पदवीच्या मुलांना विद्यावेतन आणि प्रशिक्षण देत होता. २०२५ मध्ये तो आणि त्याच्यासारखे आणखी काही कार्यक्रम बंद केले गेले. ओळखीच्या एका मुलाचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. त्याने रात्रीची कॅशियरची नोकरी धरली आणि प्रयोगशाळेचे तास निम्मे केले. तुमच्या विद्यार्थिनीच्या कापडाच्या दुकानाची ओळ वाचली आणि तो आठवला.

इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांसाठीही एक: एनआयएचची उन्हाळी इंटर्नशिप आणि एनएसएफ या सरकारी विज्ञान निधी संस्थेचे उन्हाळी कार्यक्रम अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहेत. विद्यार्थी व्हिसावरच्यांनी त्या भरवशावर राहू नये.

---

रानजाई | २१ मार्च, सकाळी ९:३३

चंद्रपूरहून. धागा सुंदर चालला आहे, पण थोडं वेगळं मांडते. जैववैद्यकीय संशोधन म्हणजे फक्त पुण्याची प्रयोगशाळा आणि पाइपेट नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या. ते काम १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र इथे चंद्रपुरात आहे. मुलांनी आपल्याच तालुक्यात राहून काम केलं तर कॉट, मेस, डिपॉझिट काहीच लागत नाही.

---

मांजराकाठ | २१ मार्च, सकाळी ११:०२

रानजाई, मनापासून पटलं. अडचण एवढीच की माणसांवर काही करायचं, साधं बोटातून रक्त घ्यायचं म्हटलं तरी नोंदणी असलेली एथिक्स कमिटी लागते, आणि लागायलाच हवी. वैद्यकीय कॉलेजांत ती असते. आमच्यासारख्या विज्ञान महाविद्यालयात नसते. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या बी.एस्सी. कॉलेजांना सोबत घेतलं, त्यांच्या एका एसटीएस प्रकल्पात आमचं एक मूल जोडलं, तर दोघांचं काम होईल. मी पत्र लिहून बघतो.

पण या मुलीला पेशी बघायच्या आहेत. जिवंत, वाढणाऱ्या. आमच्या कॉलेजात इनक्युबेटर एक आहे, तोही जिवाणूंचा. पैसे नाहीत म्हणून तिने गावातलं काम घ्यावं, असं मला तिला सांगता येणार नाही.

---

खोली_नंबर_१४ | २१ मार्च, रात्री ८:५५

मी साताऱ्याला कमवा आणि शिका योजनेत शिकलो. सकाळी दोन तास बागेत काम, मग कॉलेज. कर्मवीर अण्णांनी घालून दिलेली वाट आज बऱ्याच विद्यापीठांत आहे. तासाप्रमाणे पैसे मिळतात, काम असतं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत.

मग प्रयोगशाळेत का नको? मीडिया (जिवाणू-पेशी वाढवायचं अन्न) तयार करणं, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावणं, काचसामान धुणं, स्लाइडवर रंग चढवणं हे सगळं कामच आहे आणि शिक्षणही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे क्रेडिट आले, चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' आलं. क्रेडिट आले, पण मुलाच्या हातात रुपया आला नाही. कमवा-शिकाचे तास प्रयोगशाळेतल्या कामाला लावले तर नवी योजना काढावी लागत नाही. असलेल्या योजनेच्या कामाच्या यादीत एक ओळ वाढवायची. ज्यांची विद्यापीठाच्या सिनेटमध्ये ओळख आहे त्यांनी हा विषय न्यावा. मी आमच्या माजी विद्यार्थी संघातून पत्र देतो.

---

पेट्रीडिश | २१ मार्च, रात्री ९:४०

+१. खूप दिवसांत ऐकलेली सगळ्यात कामाची सूचना.

एक भर. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून आहे. पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना उपकरणं आणि रसायनांसाठी पैसा मिळतो. आमच्या कॉलेजला मिळालं होतं. त्यामुळे मी दुसऱ्या वर्षाला स्वतःच्या हाताने डीएनए वेगळा केला, नाहीतर सर दाखवणार आणि आम्ही बावीस जण मानेवरून बघणार. ज्यांच्या कॉलेजला मिळालेलं नाही त्यांनी प्राचार्यांना अर्ज करायला लावा. मूल बाहेर पाठवणं आणि घरची प्रयोगशाळा सुधारणं, दोन्ही लागतं.

---

कोथरूडकाका | २२ मार्च, सकाळी १०:१८

डॉक्टर, ते वाक्य मी मागे घेतो. लिहायला नको होतं. मेघाताईंचं पाचपटीचं उदाहरण दोनदा वाचलं. सरकारी पैशाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण या मुलीचा प्रश्न सरकारची वाट बघणारा नाही.

हिशेबातलं मला कळतं, म्हणून सांगतो. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे गोळा करू नका, सरांच्याही नको. उद्या शंका निघाली की चांगलं काम मोडतं. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ नोंदलेला असेल तर त्याच्या खात्यात वेगळं शीर्षक उघडा. सही दोघांची. पैसे मुलीला निघायच्या आठ दिवस आधी द्या. पावत्या मागायच्या त्या फक्त जागेच्या आणि मेसच्या. किरकोळीच्या पावत्या मागून पोराला लाजवू नका. डिपॉझिट वेगळं धरा, कारण ते परत येतं. ते परत आलं की तेवढी रक्कम पुढच्या वर्षीच्या मुलाची. दुकानाचे १४,००० ही धरा. आईवडिलांना ते पटवून द्यावे लागू नयेत.

म्हणजे ३७,०००. त्यातले पाच माझे.

---

मांजराकाठ | २२ मार्च, दुपारी २:०५

काका, संघ नोंदलेला आहे, खातं आहे, पण चार वर्षं कुणी हात लावलेला नाही. उद्या सचिवांकडे जातो. मुलीला आज फोन केला. होकार कळव म्हणालो. तिने विचारलं, "पैसे परत कधी करायचे?" परत करायचे नाहीत हे तिला समजवायला बराच वेळ गेला.

---

मांजराकाठ | ३ एप्रिल, रात्री ९:३०

धाग्यावरच्या नऊ जणांकडून आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ४१,५०० जमले. यादी संघाच्या फलकावर लावली आहे, ज्यांना नाव नको होतं त्यांचं नाही. प्राचार्यांनी स्टार कॉलेजच्या अर्जाला होकार दिला. वैद्यकीय महाविद्यालयाकडून उत्तर अजून नाही. पुन्हा लिहीन.

---

डॉ_सदाफुली | ३ एप्रिल, रात्री १०:११

पत्राची प्रत मला पाठवा सर. कम्युनिटी मेडिसिनच्या विभागप्रमुखांच्या नावे गेलं तर लवकर वाचलं जाईल. मसुदा मी करून देते.

---

मांजराकाठ | १४ जुलै, संध्याकाळी ७:२०

मुलगी परत आली. तिचं तिथलं काम मी सांगण्यापेक्षा, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिने पाठवलेला निरोप तिच्या परवानगीने देतो:

"सर आज माझ्या सगळ्या पेशी मेल्या. बुरशी आली. मी रडले. मॅडम म्हणाल्या हूड कधी पुसलास, हात कुठून कुठे गेला, सगळं वहीत लिही. लिहिलं. मीडियाची बाटली उघडी असताना माझा हात तिच्यावरून गेला होता. आता मला दिसतंय. उद्या नव्या वायलपासून सुरुवात आहे."

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत एकही प्लेट दूषित झाली नाही असं ती सांगते. वही मी पाहिली. तारखा आहेत, खाडाखोड आहे, कुठेही पांढरी शाई नाही.

डिपॉझिटचे ४,५०० घरमालकीणबाईंनी पूर्ण परत केले, काल संघाच्या खात्यात भरले. कमवा-शिकाचं पत्र विद्यापीठात पोचलं आहे, पोच मिळाली आहे. आणि पहिल्या वर्षाचा एक मुलगा आज तिला विचारत होता की मेल लिहायची कशी.

---

पेट्रीडिश | १४ जुलै, रात्री ८:०२

त्याला माझा पत्ता द्या. आणि अकादम्यांचा अर्ज यंदा चुकवू नका, सर.